साडेचार ताऱ्यांचा दवाखाना

कनेरगाव नाक्यापासून हिंगोलीकडे निघालं की रस्त्याला लागूनच भुजंगराव पाटलांचं तुरीचं वावर लागतं. त्या वावरात त्यांनी सहा वर्षांपूर्वी एक पाटी ठोकली होती: 'भुजंगराव पाटील मल्टिस्पेशालिटी हॉस्पिटल (नियोजित)'. नियोजित म्हणजे काय हे आपल्याकडे शेंबडं पोरही जाणतं. त्यामुळे दवाखान्याचं काय झालं असं गावात कोणी विचारत नसे, आणि कोणी विचारत नाही याचंच भुजंगरावांना वाईट वाटायचं.

यंदा मात्र त्यांना एक शोध लागला. मोबाईलच्या नकाशात म्हणे आपण आपल्या हातानं जागा टाकू शकतो. ना ठराव लागतो, ना सही, ना कुण्या साहेबाच्या दारात ताटकळावं लागतं. गडी दोन दिवस जेवण विसरला. गावच्या वळणाचा 'भुजंगराव पाटील चौक' झाला, गोठ्याचं 'जनसंपर्क कार्यालय' झालं, विहिरीचा 'जलाशय' झाला. शेवटी पाटीखाली उभं राहून त्यांनी दवाखानाही टाकला. 'नियोजित' लिहायला ॲपमध्ये रकाना सापडला नाही; त्यांनी तो फार शोधला असंही नाही. उघडण्याची वेळ विचारली तेव्हा चोवीस तास असं दाबलं. वावर रात्रीही उघडंच असतं, तेव्हा यात खोटं काही नव्हतं.

पुढचं काम कार्यकर्त्यांनी केलं. ढाब्यावर पाटलांच्या नावानं जेवलेल्या चाळीस जणांनी तारे उधळले, ते सरासरीनं साडेचार भरले. एकानं स्वच्छतेची तारीफ केली, दुसऱ्यानं डॉक्टरांच्या स्वभावाची. तिसऱ्याचं अजून लग्नही झालं नव्हतं, त्यानं लिहिलं, 'नॉर्मल डिलिव्हरी झाली, बाळ-बाळंतीण सुखरूप.' हे वाचून भुजंगराव इतके भारावले की त्यांचा स्वतःचाच दवाखान्यावर विश्वास बसला. वाशिमकडे दिलेल्या लेकीच्या सासरी त्यांनी फोन करून सांगून टाकलं की दवाखाना चालू झाला. लेक अंजली तेव्हा सात महिन्यांची गरोदर होती. बाबांनी एक तरी गोष्ट तडीस नेली, असं ती नवऱ्याला कौतुकानं म्हणाली.

बाळंतपणासाठी तिचं नाव हिंगोलीला घातलं होतं. पण तारखेच्या बारा दिवस आधीच, सकाळी दहाच्या सुमारास कळा सुरू झाल्या. जावई रणजीतनं तिला गाडीत घातलं आणि हिंगोलीची वाट धरली. नाका मागे पडला आणि अंजलीला दम धरवेना. हिंगोली अजून अर्ध्या तासावर होती. नकाशा मात्र सांगत होता की सासऱ्यांचा दवाखाना चार मिनिटांवर आहे आणि चालू आहे.

रणजीतनं फोन लावला. "मामा, आमी तुमच्याच दवाखान्यात येऊन राहिलो. डॉक्टरला तयार ठेवा."

भुजंगराव त्या वेळी पारावर बसून दवाखान्याच्याच गोष्टी सांगत होते आणि चार जण ऐकत होते. तिथं काही नाही, सरळ हिंगोली गाठा, एवढंच बोलायचं होतं. पण चार माणसांदेखत ते तोंडातून निघेना. "या, या," ते म्हणाले. फोन ठेवून ते पारावरून उठले. बाजूला जाऊन त्यांनी पुन्हा फोन लावला तर कोणी उचलेना. मग त्यांनी मोटारसायकलला किक मारली.

ते पोचले तेव्हा गाडी पाटीखाली उभी होती. रणजीत तुरीच्या ओळींमध्ये वेड्यासारखा दवाखाना शोधत होता. गाडीच्या मागच्या दाराशी शेळ्या चारणारी सिंधूबाई पदर खोचून बसली होती. तिच्या हातावर आजवर शेकड्यानं करडं जन्मली होती, आणि पाच-सहा लेकरंही. तिनं पाटलांना पाणी आणायला सांगितलं आणि आणल्यावर तोंड तिकडं करून उभं राहायला सांगितलं. पाटलांनी 'जलाशया'तून घागर भरून आणली. मल्टिस्पेशालिटी हॉस्पिटलात त्या दिवशी तेवढीच सोय होती.

मुलगी झाली. दोघींना घेऊन गाडी हिंगोलीला पळाली. रक्त फार गेलंय, आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं, असं तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. फोनवर हे ऐकून भुजंगराव बांधावर बसून रडले, आणि ते रडणं मात्र खरं होतं.

तिसऱ्या दिवशी ते नातीसाठी चांदीचे वाळे घेऊन हिंगोलीला गेले. अंजलीनं वाळ्यांना हात लावला नाही.

"तिथं दवाखाना न्हाई, एवढं तुमाला फोनवर बोलता आलं न्हाई," ती म्हणाली. "तो नकाशातून काढा, बाबा. तोवर मी लेकरू घेऊन तुमच्या दारात येणार न्हाई."

भुजंगराव तिथल्याच बाकड्यावर मोबाईल घेऊन बसले. ॲपनं कारण विचारलं. अशी जागा अस्तित्वातच नाही, असं त्यांनी कळवलं. चार दिवसांनी उत्तर आलं की सूचना नामंजूर आहे, एकेचाळीस जणांच्या मते दवाखाना उत्तम चालू आहे. एकेचाळिसावा नवा होता. कुण्या हौशी कार्यकर्त्यानं पाच तारे देऊन लिहिलं होतं, 'खुद्द पाटील साहेबांच्या नातीचा जन्म इथेच झाला.' आता हे तर खरंच होतं. भुजंगरावांनी एकेकाच्या घरी जाऊन लिहिलेलं पुसायची विनवणी केली. तर जो तो म्हणे, तसं केलं तर लोक आमाला खोटारडे म्हणतील.

पाटी त्यांनी स्वतःच्या हातानं उपटली, पण नकाशा बघून रोग्यांच्या गाड्या यायच्या थांबल्या नाहीत. शेवटी ते रोज सकाळपासून रस्त्याच्या कडेला बाज टाकून बसू लागले. एक दिवस वाशिमकडची जीप थांबली. आत पाय मोडलेली एक म्हातारी कण्हत होती. ड्रायव्हरनं दवाखाना कुठाय म्हणून विचारलं.

"इथं दवाखाना न्हाई. तुमी हिंगोलीला जा," भुजंगराव म्हणाले. एवढ्यानं भागेना असं पाहून त्यांनी उरलेलंही सांगून टाकलं. "नकाशात म्याच टाकलाय तो. खोटा हाय."

ड्रायव्हरनं मोबाईलकडे पाहिलं, ताऱ्यांकडे पाहिलं, मग बाजेवरच्या माणसाला वरून खालपर्यंत न्याहाळलं.

"राहू द्या, काका," तो म्हणाला. "इथं कोणी माहीतगार माणूस हाय का?"