अर्ध्या पेल्यांचं पाणी

बाबा शिलाई मशिनं दुरुस्त करायचे आणि खिडकीतल्या जाड, रसरशीत पानांच्या जेडच्या झाडाकडे दुर्लक्ष करायचे. दोन्ही कामांत त्यांचा हातखंडा होता. पान चिमटीत धरून बघायचे. सुरकुतलेलं असेल तर पाणी, नाहीतर "बसा निवांत". एवढ्यावर खोड मनगटाएवढं जाड झालं होतं.

ते गेल्यावर महिन्याभरात पानं पिवळी पडून गळायला लागली. आत्या म्हणाली, मुक्या झाडालाही आपलं माणूस कळतं, हे दादामागे चाललंय. आईने ते मनाला लावून घेतलं. पण झुरणाऱ्या झाडाची पानं अशी टम्म फुगलेली कशी? मी एक उचललं, तर ते भिजल्या पावासारखं दबलं. माती ओलीचिंब होती.

मी पाणी घातलं नव्हतं. आई म्हणाली, तिनेही तांब्या ओतला नव्हता. उरली आत्या. तिला विचारलं तर ती दिवसभर फुगून बसली.

रविवारी बाबांचे मित्र आले. त्यांना आम्ही घरात रेडिओकाका म्हणतो. त्यांना बंद करायचं बटण नाही. त्यांनी बाबांच्या आजारपणाचा विषय काढला आणि आई त्यांचा अर्धा पेला उचलून उठली. चांगलं पाणी बेसिनमध्ये ओतणं तिच्या जिवावर येतं, म्हणून तिने ते जाता जाता कुंडीत रिकामं केलं. परत येऊन टेकली, पुन्हा बाबांचं नाव निघालं, की आत्याचा पेला घेऊन उठली. भेटायला रोज कोणी ना कोणी येत होतंच. झाड सांत्वनाने बुडत होतं.

मी सांगितलं तेव्हा आई नुसतंच "म्हणजे मीच" म्हणाली.

आम्ही झाड उपसून काढलं. मुळं तपकिरी, लिबलिबीत. कुजकी कापली, मूठभर पांढरी उरली. ती सुकेपर्यंत झाड वर्तमानपत्रावर सावलीत ठेवायचं होतं. असं उघड्यावर पडलेलं ते आईला बघवेना. थोडं शिंपडू का? नको. ओला फडका? आई! शेवटी वाळू मिसळलेल्या कोरड्या मातीत लावलं.

"आता काय करायचं?"

"काही नाही. बसायचं."

"ते कसं जमायचं गं मला?"

तीन-चार आठवड्यांत गळती थांबली. उरलेली पानं घट्ट झाली आणि शेंड्याला तांदळाएवढी दोन नवी टोकं दिसली. आत्याने स्वतःचं भाकीत सोयीस्कर विसरून झाडाला चिवट म्हटलं. तेही दादासारखंच.

रेडिओकाका पुन्हा आले. बाबांचा विषय निघाला. आईचा हात पेल्याकडे गेला, तिने कुंडीकडे पाहिलं आणि हात मांडीवर ठेवला. शेवटी फार त्रास झाला का हो, असं काकांनी विचारलं. इतके दिवस हे मीही विचारलं नव्हतं.

"नाही," आई म्हणाली. "पाय दाबून मागितले. मी दाबत होते आणि दूधवाल्याच्या तक्रारी सांगत होते. गेल्यावरसुद्धा बराच वेळ सांगत होते. कळलंच नाही."

रेडिओकाका गप्प बसले. आत्या म्हणाली, "दादाने नीट ऐकलं असणार. त्याला मधे बोलायची सवयच नव्हती."

आई हसली. मग तिथेच बसून ती रडली, आणि आम्ही कोणी उठलो नाही.