चिंचेत आंबलेला पाचू

दोन वर्षांच्या विनूच्या पाठीमागे ताट वाजवायचं आणि तो वळतो का ते पाहायचं, हा नलूचा चाळाच झाला होता. चाळा कसला, धास्ती. विनू वळत नव्हता. अठ्ठ्याहत्तरच्या पौषात तिनं त्याला सेवाग्रामच्या दवाखान्यात न्यायचं पक्कं केलं, तोच सासूबाईंनी, रुख्माबाईंनी, हिंगणघाटच्या खडे-ताईत देणाऱ्या भैय्याजींकडून पाचूचा खडा आणला. तांब्यात मढवून विनूच्या गळ्यात बांधला. अट एकच: सव्वा महिना डॉक्टरचं तोंड पाहायचं नाही, नाहीतर खड्याचं तेज जातं.

दहा दिवसांत तांबं काळवंडलं. रुख्माबाईंनी ते चिंचेच्या पाण्यात टाकलं आणि तुरीच्या शेंगा सोलायच्या नादात विसरल्या. सकाळी काढलं तर तांबं लखलखीत, खडा मात्र मंद, वाफ धरलेल्या काचेसारखा.

"अवं माय! तेज गेलं! पोराले चोरून दवाखान्यात तं नाई नेलं तू?"

"नाई हो, आत्याबाई."

पण नलूची नजर खड्यावरून हटेना. नागपूरला बी.एस्सी.ला भूगर्भशास्त्र होतं तिला. चिंचेनं पाचूचं काय बिघडणार? तिनं खड्यावरून चाकूचं टोक जोरानं ओढलं.

"काय करून राह्यली तू!"

पाचूवर चाकू नुसता घसरला असता. इथे बारीक रेघ उमटली.

"हा ॲपेटाइट असंन," नलू म्हणाली. "खताचं फॉस्फेट ज्यातून निघते, तो दगड. हिरवा दिसला का लोकाइले पाचू वाटते, दुसऱ्या रंगाचा असला का दुसरंच काई. मोठमोठे जाणकार फसले. म्हणून दोनेकशे वर्षांमागं एका जर्मन पंडितानं ग्रीक भाषेतून नाव ठेवलं: फसवणारा."

"दगडाचं नाव ठग?" राग विसरून रुख्माबाई हसल्या. "एकलाच आहे का तो?"

"भाऊबंद आहेत त्याचे. एक तं आपल्या दाताहाडात आहे."

"काईही सांगतं!"

"चिंच खाल्ली का दात आंबत नाईत? तसाच हा आंबला."

रुख्माबाईंनी दातांवरून जीभ फिरवली. मग खडा उजेडात धरून उलटसुलट फिरवून पाहिला.

"भैय्याजीनं फसवलं म्हंतं?"

"तेबी फसले असतीन. मले काय माहीत?"

"अट पाचूची होती," रुख्माबाई सावकाश म्हणाल्या. "हा तं पाचूच नाई." त्यांनी खडा कोनाड्यात ठेवला. "पोराले स्वेटर घाल. मी बी येतो. अन् वाटेत सांगजो, आनखी कोनकोन आहे त्या ठगाच्या भाऊबंदात."