उजवीकडची ओळ

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. माझ्या शेजारी, कपाटावर, एक पत्र बरीच वर्षे पडून होते. माझ्या मालकांच्या धाकट्या बहिणीने ते पाठवले होते आणि मालकांनी त्याला उत्तर दिले नव्हते. तो दोष माझाच, असे मी इतकी वर्षे समजत आलो. ही हकिगत मला नीट सांगता येईल की नाही, कोण जाणे. आजवर मी दुसऱ्यांचेच आवाज ऐकवले आहेत.

मालकांनी मला दुकानातून आणले तेव्हा ते तरुण होते. छापखान्यात मोठ्या यंत्रावर काम करत. दिवसभर त्या यंत्राची धडधड सोसून घरी आले, की हातांची शाई धुऊन आधी माझे झाकण उघडत. कपाटात कॅसेटच्या दोन ओळी होत्या. डावीकडे गायक, उजवीकडे गायिका. उजवीकडची ओळ कितीतरी लांब होती. एखादी गायिका वरच्या सुरावर जाऊन थांबली, की मालकही चहाचा कप हातात धरून तसेच थांबत. बहीण म्हणे, "दादा, चहा पी आधी. ती काही तिथून पडत नाही." बहिणीला ते चिमणी म्हणत, कारण तिचाही आवाज बारीक आणि उंच होता.

पुढे हळूहळू उजवीकडच्या ओळीवर धूळ बसू लागली. मालक भारदस्त गळ्याचे गायक तेवढे ऐकू लागले. आल्यागेल्याला सांगत, "बायकांचं गाणं आताशा मला रुचत नाही. पुरुषाच्या आवाजाला कसं वजन असतं." शेजारच्या वहिनी विचारत, "काका, तुमच्या टेपवर बायकांना बंदी आहे का?" मालक हसून वेळ मारून नेत. दरवर्षी ते माझे ट्रेबलचे बटण थोडे पुढे सरकवत, हे मात्र एकट्या मला ठाऊक होते. त्या बटणाने बारीक आवाज स्पष्ट होतात. शेवटी ते बटण आणखी पुढे जाईनासे झाले.

त्याच सुमारास चिमणीचे पत्र आले. सोबत एक कॅसेट होती. मुले मोठी झाल्यावर ती पुन्हा गाऊ लागली होती. मालकांनी पत्र मोठ्याने वाचले. "दादा, गाणं कसं झालंय ते कळव. वाईट असेल तर तसं सांग. पण सांग."

त्यांनी कॅसेट लावली आणि कान माझ्याजवळ आणला. बराच वेळ तसेच बसले. मग पुटपुटले, "तबला आहे, पेटी आहे. चिमणी कुठे आहे?" त्यांनी मला दोन थापट्या मारल्या आणि म्हणाले, "हा गेला कामातून." मला ते खरे वाटले. न ऐकलेल्या गाण्याला चांगले कसे म्हणावे, आणि वाईट तरी कसे? उत्तर राहून गेले.

चिमणीने वाट पाहिली. मग दादाला बायकांचे गाणे आवडत नाही, असे तिला कुणाकडून तरी कळले. तेच तिने उत्तर मानले. तिचे येणे थांबले. मालकांनी माझ्यावर एक जुना टॉवेल टाकला. त्या अंधारात मी आणि माझ्या पोटातली तिची कॅसेट, दोघेच उरलो. बाहेर मालकही एकटेच होते. त्यांची खुर्ची तेवढी अधूनमधून करकरे.

परवा वहिनी वर्तमानपत्र परत द्यायला आल्या. त्यांनी सहज टॉवेल उचलला आणि बटण दाबले. माझा विश्वास नव्हता, पण मी चालू झालो. वहिनी जागीच उभ्या राहिल्या.

"किती गोड गळा आहे हो. कोण गातंय, काका?"

मालक उठले. "तुम्हाला ऐकू येतंय? शब्दसुद्धा?"

"शब्द न् शब्द. माझ्या स्वयंपाकघरापर्यंत जात असेल."

मालक खुर्चीत बसले. मी चांगला होतो, मित्रांनो. छापखान्यातल्या धडधडीने त्यांचे कान नेले होते, आणि त्या न ऐकू येण्यालाच ते आपली आवड म्हणत आले होते.

वहिनी गेल्यावर त्यांनी डावीकडच्या ओळीतली आपली सर्वांत लाडकी कॅसेट काढली. तिच्या पाठीवरच्या खाचेला चिकटपट्टी लावली, म्हणजे तिच्यावर नवा आवाज भरता येतो. मग माझ्या माइकसमोर वाकून ते बोलले. "चिमणे, गाणं वाईट नव्हतं. मला ते ऐकूच आलं नाही. आवडत नाही म्हणणं सोपं गेलं, म्हणून तेच सांगत राहिलो. वहिनी म्हणतात, गळा गोड आहे. तू ये. माझ्या कानाशी बसून गा."

तो भारदस्त गायक त्या शब्दांखाली कायमचा पुसला गेला.

मित्रांनो, माझे एवढेच सांगणे आहे. कुणी तुमच्या गाण्याबद्दल काहीच कळवले नाही, तर रुसून जाऊ नका. जवळ जाऊन एकदा विचारा. आणि कुणी विचारलेच, तर त्याला ताटकळत ठेवू नका.

ती कॅसेट पाकिटात घालून मालक स्वतः पोस्टात गेले. परत आले तेव्हा दारात वहिनी उभ्या होत्या. टपालपेटीत कॅसेट नीट पडली ना, असे त्यांनी मोठ्याने विचारले.

"पडली," मालक म्हणाले. "धप्प झालं. ते ऐकू आलं मला."