ठराव क्रमांक सात

पतसंस्थेची हंगामी कारकून रुपाने मंचावरचा माईक जवळ ओढला आणि वाचले, “ठराव क्रमांक सात. पतसंस्थेच्या संचालक मंडळाला यंदा मानधनाच्या दुप्पट बोनस देण्यात यावा. अनुमोदक, मगन सुका पाटील.”

कोरीट गावच्या पतसंस्थेच्या वार्षिक सभेची रीत ठरलेली. अनुमोदकाने उभे राहून हात जोडायचे, मांडवाने ‘मंजूर’ म्हणायचे, मग जिलेबी. अनुमोदनाचा मान रुपाच्या वडिलांचा, मगनबापूंचा. ते उभे राहिले, पण हात जोडले नाहीत.

“माले अनुमोदन देवानं नही.”

“काय व्हयनं बापू?” अध्यक्ष योगेंद्रनाना मंचावरून हसले. “जिलेबी नको का?”

“युरोपमा कायदा शे.” बापू म्हणाले. “बँकना साहेबले पगारपेक्षा जास्त बोनस भेटत नही. दुप्पट देवाना व्हई ते भागधारकसले इचारनं पडस.”

“हाई युरोप खापर गावना अलीकडे का पलीकडे?” नानांनी विचारले.

मांडव खदखदून हसला.

“आनि आम्ही काय करी ऱ्हायनूत? तुम्हलेच इचारी ऱ्हायनूत ना!” नानांनी आवाज उतरवला, पण माईक चालूच होता. “रुपाले औंदा नोकरीमा कायम करनं शे, बापू. ध्यानमा ठेवा.”

हसणे थांबले. बापूंनी लेकीकडे पाहिले, खुर्चीची पाठ चाचपली आणि खाली बसले. होकाराची मान मात्र हलवली नाही.

“भाग्येश, तू दे अनुमोदन,” नाना म्हणाले.

नानांच्या शेजारचे संचालक भाग्येश उठू लागले. रुपाने पेनाला टोपण लावले. बापूंना मोतीबिंदू; युरोपच्या कायद्याची बातमी पेपरातून तिनेच त्यांना वाचून दाखवली होती.

“थांबा, भाग्येशकाका. बापूंनी कायदा अर्धाच सांगितला.” तिने ओठ ओले केले. “ज्याले बोनस भेटनार, त्याले त्यावर मत देता येत नही.”

भाग्येश अर्धवट वाकलेलेच राहिले. उठावे की बसावे ते त्यांना सुचेना.

“मंच सोडून, मांडवातून कोणी अनुमोदक आहे का?” रुपाने विचारले.

कोणी हलले नाही.

“पोरी, तुले नोकरी करनी शे का नही?” नाना गुरकावले.

तिने मांडवाला अनुमोदकाचा तोच प्रश्न पुन्हा विचारला. नानांनी हात लांबवून माईक बंद केला.

तिसऱ्यांदा तिने साध्याच आवाजात विचारले. पार मागे, बायकांच्या शेवटच्या ओळीत बसलेल्या म्हाताऱ्या तापीबाईंनाही ते नीट ऐकू गेले.