लेकीकडचं जेवण

दूध संघानं सात शेतकऱ्यांना नेदरलँड्सचे गोठे दाखवायला नेलं, त्यात कोल्हारचे गहिनीनाथ तात्याही होते. मधल्या शनिवार-रविवारी सुट्टी मिळाली. बाकीचे सहा जण पॅरिसला पळाले, तात्या मात्र रॉटरडॅमला राजेश्वरीकडे निघाले. राजेश्वरी म्हणजे त्यांच्या लांबच्या चुलतभावाची, भीमाची लेक. भीमाला जाऊन दोन वर्षं झाली होती.

कोल्हारहून निघतानाच मुक्ताबाईंनी नवऱ्याच्या पिशवीत शेंगदाण्याचे लाडू भरले आणि बजावलं, "तिच्याकडं गेलात तर ह्याच्यावर दिस काढा. लग्नाला आठ वर्षं झाली, अजून पाळणा हलला न्हाई. तिच्या घरचं पानीबी घ्यायचं न्हाई तुमी."

लेकीला मूल होईपर्यंत बापानं, किंवा बापाच्या जागी असलेल्यानं तिच्या घरी जेवायचं नाही, ही त्यांच्या भावकीची जुनी रीत. कोणी घातली, का घातली, हे विचारायची सोय नव्हती. आणि तात्या गोठ्यात कितीही सुधारणा करोत, रितीच्या बाबतीत मोठे कर्मठ.

राजेश्वरी स्टेशनवर घ्यायला आली आणि भर फलाटावर वाकून पाया पडली. परदेशात आल्यापासून तिच्याकडे माहेरचं माणूस पहिल्यांदाच येत होतं. दिवसभर तिनं आणि तिच्या नवऱ्यानं, पार्थनं, तात्यांना शहर फिरवलं. बोटी आल्या की वर उचलला जाणारा पूल पाहून तात्या जाम खूश झाले. "ह्या नदीत आपली प्रवरा सोडली तर पुन्हा सापडायची न्हाई," म्हणाले.

पण घरी चहा पुढे आला की, "सोडलाय." ताट वाढू म्हटलं की, "पोट गच्च हाय." मग खोलीचं दार लावून लाडू खायचे, तेही आवाज न करता. चोरून खाल्लेला लाडू काही केल्या गोड लागेना.

रविवारी दुपारी राजेश्वरीनं शेंगोळे केले. हुलग्याचं पीठ तिनं कुठून मिळवलं कोण जाणे. सोबत बाजरीची भाकरी. वासानंच तात्यांच्या तोंडाला पाणी सुटलं, तरी त्यांनी मान हलवली.

सासऱ्यांमुळे ही रीत पार्थला तोंडपाठ होती. तो हसत म्हणाला, "तात्या, एक तोड आहे. मुक्ताआत्या माझ्या बाबांची लांबची बहीण. म्हणजे मी तुमचा भाचा. भाच्याकडे जेवायला कुठली रीत आडवी येते?"

तात्यांनी बोटांवर नातं मोजून पाहिलं. बरोबर जुळत होतं. सुंठीवाचून खोकला गेला! "व्हय की! मग वाढ पोरी."

राजेश्वरीनं वाढलं, पण तिचा चेहरा उतरला होता. तात्यांनी घास मोडला, तेवढ्यात ती म्हणाली, "मग माझ्या बाजूनं कोण आलं, तात्या?"

तात्यांचा हात ताटातच थांबला.

"आम्ही पुण्याला होतो तेव्हा माझे अण्णा दोनदा आले. दोन्ही वेळा घरून डबा घेऊन आले. म्हणायचे, नातवंड होऊ दे, मग पोटभर जेवीन. तसेच गेले. माझ्या घरची भाकरी काही त्यांच्या पोटात गेली नाही."

ती रडत नव्हती, त्याचंच तात्यांना जास्त लागलं. खोलीतल्या लाडवांची त्यांना लाज वाटली.

"पोरी, आधी तुझ्या हातचं पानी दे," ते म्हणाले. ग्लास एका दमात रिकामा केला. "पार्थराव, तुमचं नातं ऱ्हाऊ द्या बाजूला. मी लेकीकडं आलोय, लेकीकडंच जेवनार."

"आणि मुक्ताकाकूंना काय सांगाल?" राजेश्वरीनं विचारलं.

"सांगीन, जेवलो म्हनून. लई तर दोन दिस बोलायची न्हाई. तेवढीच कानाला इश्रांती."

राजेश्वरी हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. तात्या दोन भाकरी जेवले. आता पोट खरोखरच गच्च झालं होतं. ती ताट उचलायला वाकली, तसं त्यांनी ताटावर हात ठेवला.

"थांब. आता एक भीमाच्या वाटची वाढ."

तिनं तव्यावरची गरम भाकरी आणली, आणि तात्यांनी ती शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली.