नावं ठेवणारा माणूस

“बश्या मांडल्यात, मांजर कुठाय?” लिफ्टवाल्यांनी वेटरला विचारलं.

वेटरला काही कळलं नाही. लिफ्टवाल्यांचे शब्द हल्ली तोंडातून जड होऊन पडायचे आणि घरच्या माणसांनाच ते उलगडायचे. शेवटी मुलगी म्हणाली, “बश्या फार लहान आहेत, म्हणतायत बाबा.”

“आमच्याकडे असंच असतं काका,” वेटर म्हणाला. “प्रत्येक पदार्थ थोडाथोडा. सगळ्यांनी मिळून खायचा.”

“म्हणजे भांडायला मोकळे,” लिफ्टवाले म्हणाले, आणि शेजारी बसलेल्या काकू, त्यांची बायको, तोंडाला पदर लावून हसल्या.

हे हॉटेल मुलीनेच शोधून काढलं होतं. लिफ्टवाल्यांच्या गावाकडचं जेवण इथे मिळायचं, आणि तेही घासाघासाने, म्हणजे त्यांना झेपेल इतकंच. उद्या सकाळी नऊ वाजता कॅन्सरमुळे त्यांची जीभ काढणार होते. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नव्हता. चव जाईल, बोलणं जवळपास जाईल, जेवण नळीने. तीस वर्षं लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाने ते ऐकून एवढंच विचारलं होतं, “पार्ट बदलून मिळत नाही का?”

काकूंना मात्र आज एकच गोष्ट हवी होती आणि तिची त्यांना लाज वाटत होती. नवऱ्याचं उद्या काय होतंय याचा पत्ता नाही, आणि आपल्याला मेलं हे सुचतंय. पण हवी होती ती हवीच होती. काकूंच्या डब्यांवर तीन ऑफिसं जेवत. परकी माणसं दारात येऊन तोंड भरून कौतुक करून जात. आणि हा घरचा माणूस चौतीस वर्षं ताटावर बसला तो नावं ठेवायलाच. मीठ कमी, तिखट जास्त, आज घाईत केलंस वाटतं. “चांगलं झालंय” एवढे दोन शब्द त्याच्या तोंडून कधी निघाले नाहीत. आज निघाले नाहीत तर आता निघायचेच नव्हते.

डाळ आली. लिफ्टवाल्यांनी चमचाभर तोंडात फिरवली. “पाणी.”

मासा आला. “काटे काढले, त्यांच्याबरोबर चवही काढली.”

“बाबा, जरा सुखानं खा की,” मुलगी म्हणाली. तेवढ्यात हॉस्पिटलमधून तिला फोन आला आणि ती बाहेर गेली.

मग भरलेलं वांगं आलं, इवलंसं, एकच. लिफ्टवाल्यांनी अर्धं मोडून घेतलं आणि सावकाश घोळवत खाल्लं. काकू त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

“आचाऱ्याला बोलव,” ते म्हणाले.

काकूंना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आचारी हात पुसत आला. तरुण, नम्र माणूस. “काही चुकलं का काका?”

लिफ्टवाले बोलू लागले. आचारी कान देऊन ऐकत होता, पण त्याला एक अक्षर लागेना. त्याने काकूंकडे पाहिलं. आता सांगणं भागच होतं.

“ते म्हणतायत,” काकू खाली बघत म्हणाल्या, “कांदा तेलात परतलाय तुम्ही. ही... मी कांदा आधी कोरडा भाजते. तेल मागून.”

लिफ्टवाले पुढे बोलले.

“वांग्याचं देठ काढत नाही मी. देठाला धरून चिरते.” काकूंचा आवाज बारीक झाला. “आणि वरून गार पाणी ओतत नाही. झाकणावर पाणी ठेवते, ते तापलं की तेच आत घालते.”

“आणि ढवळत नाही. नुसतं हलवते. दोनदा,” लिफ्टवाले म्हणाले.

“आणि ढवळत नाही. भांडं फडक्यात धरून नुसतं हलवते. दोनदा.”

दोनदाच. हे त्यांनी स्वतःच्या मुलीलाही कधी सांगितलं नव्हतं, कारण आपण दोनदा हलवतो हे त्यांनाच ठाऊक नव्हतं. हा माणूस तर कायम बाहेरच्या खोलीत पेपर तोंडावर धरून बसलेला. याने बघितलं कधी? काकूंच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि त्यांनी ते पुसलंही नाही.

“मावशी, उद्या असंच करून बघतो,” आचारी म्हणाला आणि गेला.

लिफ्टवाले काकूंकडे वळले. एवढं बोलून त्यांची जीभ फाटली होती. ओठाच्या कोपऱ्यातून रक्ताची बारीक रेघ उतरत होती. तरीही त्यांनी पुन्हा तोंड उघडलं.

काकूंनी घाईघाईने रुमाल त्यांच्या ओठाला लावला. “बास आता. बोलू नका. किती रक्त येतंय.”

त्यांनी तोंड मिटलं. चौतीस वर्षांत बायकोचं एक ऐकलं नव्हतं त्या माणसाने, ते नेमकं आज ऐकलं. टॅक्सीत ते बोलले नाहीत, घरी बोलले नाहीत, सकाळी हॉस्पिटलच्या कपड्यांची नाडी बांधून घेतानाही नाही. दुखत असणार, असं मुलगी म्हणाली.

ट्रॉली न्यायला माणसं आली तेव्हा काकू वाकल्या आणि त्यांच्या कानाशी म्हणाल्या, “काल काय सांगत होतात? आता सांगा. मी ऐकतेय.”

लिफ्टवाल्यांनी चादरीतून हात काढला आणि नुसती खूण केली, राहू दे. मग माणसांनी ट्रॉली ढकलली.