सईचं मनगट

परंदवडीत माझ्या भावाच्या अंगणात त्या गुरुवारी पाय ठेवायला जागा नव्हती. बायका दाटीवाटीनं बसलेल्या, पुरुष भिंतीला टेकलेले, उशिरा आलेले टाचा उंचावून बघतायत. मधे पाटावर माझी सात वर्षांची भाची सई, गळ्यात झेंडूचा जाडजूड हार. पुढ्यात पितळी ताट, ताटात पसरलेले तांदूळ. तिच्या मागं रेशमी झब्ब्यातला त्र्यंबकबाबा, आणि सईचं उजवं मनगट त्याच्या मुठीत.

"विचारा!" बाबा गरजला. "ही मुकी नाही, मौनी आहे! मागच्या जन्मीची योगिनी! वाचा राखून ठेवलीय तिनं!"

शेजारचे गेणूआबा पुढं सरकले. "माय, माजी म्हैस कालपास्नं दिसंना. कुटं गेली आसंल?"

सईचं बोट तांदळातून सरकलं. बाबानं खड्या आवाजात वाचलं, "पूर्वेला!" झालं, अंगणभर जयजयकार आणि घंटानाद. आता दुधानं सड दाटले की म्हैस पाताळातूनसुद्धा घरी येते. तशी ती संध्याकाळी आली, आणि श्रेय गेलं सईला, म्हणजे गावाच्या नव्या देवीला.

मी लोणावळ्याच्या शाळेत विज्ञान शिकवते. तरी खोटं कशाला बोलू, पहिलं अक्षर उमटलं तेव्हा माझ्याही अंगावर काटा आला. जन्मल्यापासून एक शब्द न बोललेलं लेकरू लिहून बोलतंय म्हटल्यावर कुणाला भरून येणार नाही? मग मी ताटावरची नजर काढून सईकडं पाहिलं. ती बघत होती कडुलिंबाच्या हलणाऱ्या पानांकडं. ताटाकडं तिनं एकदाही पाहिलं नाही. डाव्या हातानं कान दाबून धरलेला, कारण घंटा तिला सोसत नाही. उजवं मनगट लालबुंद झालेलं.

न बघता तांदळात 'पूर्वेला' लिहून दाखवा बघू कुणी!

सईचं हे असं लहानपणापासून आहे. हाक मारली तर वळत नाही, हात फडफडवते, कपड्यांचे चिमटे तासन्‌तास एका रांगेत लावत बसते. ही स्वमग्नता असेल, तळेगावात मुलांच्या वाढीचे डॉक्टर बसतात, एकदा दाखवू या, असं मी संदेशदादाच्या किती मागं लागले. गाव तिला वेडी म्हणायचं. कुणी झपाटलीय म्हणायचं. आता तेच लोक तिच्या पाया पडत होते, आणि बाबानं जाहीर केलं होतं की दसऱ्याला देवीला कायमची मठात न्यायची. डॉक्टर नको, शाळा नको. औषधाचा थेंब पोटात गेला की सिद्धी संपली!

"दादा, पोटची पोर देऊन टाकणार तू?" माझं डोकंच फिरलं होतं.

"तितं मान हाय गं तिला," दादा खाली मान घालून म्हणाला. "हितं शाळेत बाकावर बी बसू देत न्हाईत."

ते खरंच होतं.

पण खरी अडचण वहिनीची होती. तिनं मला चुलीपाशी ओढून नेलं. "वन्सं, बाबांनी मलाबी शिकिवलंय. रोज सांच्याला मी तिचा हात धरती आन ती माज्यासंगं बोलती. 'आई, तू दमलीस का?' आसं लिवती. आजपातूर ह्या घरात कुणी इचारलंय मला?"

बाबाचं पितळ उघडं पाडणं सोपं होतं. हिच्या हातातलं कसं काढून घ्यायचं? पण दसरा तोंडावर आला होता, आणि गप्प बसले असते तर पोर गेली असती.

पुढच्या गुरुवारी मी सकाळीच पोचले. सईला माजघरात घेतलं आणि बरोबर आणलेला लोणावळ्याच्या चिक्कीचा खोका तिच्यापुढं उघडला. तिनं त्यातलं काढलं, तासभर खेळली. मग मी खोका बंद करून, बाबाच्या डोळ्यात भरेल असा मांडीवर घेऊन अंगणात पहिल्या रांगेत बसले.

"लोणावळ्याहून वाटतं?" बाबा गोड हसला.

"हो ना महाराज. सईला एकच विचारायचंय. आज सकाळी आत्यानं तुला ह्या खोक्यातून काय दिलं?"

बाबाला एवढा सोपा प्रश्न बऱ्याच दिवसांत मिळाला नसावा. बोट झरझर फिरलं. ताटात अक्षरं उमटली: चिक्की.

"बोला, देवीमाता की..."

"थांबा," मी म्हणाले आणि खोका पालथा केला. रंगीत चिमटे खळ्ळकन पाटावर सांडले. सईनं हिसडा देऊन मनगट सोडवलं आणि ते रांगेत लावायला घेतले. लाल, मग निळा, मग लाल. तेवढी एक हालचाल त्या अंगणात तिची स्वतःची होती.

लोक एकमेकांकडं बघायला लागले. बाबा मात्र मुरलेला गडी. "देवीनं लीला केली! श्रद्धेची परीक्षा पाहिली!"

"बरं. मग तुमच्या डोळ्यांवर पट्टी बांधू आणि पुन्हा विचारू. लिहिणारी देवी आहे ना? तुम्ही कशाला बघायला हवं?"

"त्राटक भंगेल! कोप होईल!"

तेवढ्यात गेणूआबा उठले आणि डोक्याचा पटका सोडून पुढं आले. "बांधा की म्हाराज. लिवणारी ती, तुमच्या डोळ्याचं काय काम?"

बाबानं पट्टी बांधून घेतली नाही. शिव्याशाप देत, आपलं ताट घेऊन तो तरातरा गेला. जाताना गाव जळून जाईल म्हणाला. गाव अजून आहे.

मी लोकांना एवढंच सांगितलं, की आपण पोराच्या हाती पहिल्यांदा पाटी देतो तेव्हा हात धरून 'श्री' गिरवून घेतो. तो 'श्री' पोरानं काढला, असं आपण म्हणतो का? धरणाऱ्याचा हात लिहितो. इथंही तेच झालं. कुणी हसलं नाही. काही जणी सईच्या पाया न पडता मुकाट्यानं निघून गेल्या. उद्या त्या तिला परत वेडी म्हणतील का, या विचारानं मला कसंतरीच झालं.

संध्याकाळी वहिनीनं घरातलं ताट काढलं. डोळे सुजलेले. "त्यो लबाड हाय, मान्य. पर म्या कुटं लबाडी करती? मला तर हात हलल्यालं कळत बी न्हाई."

"तू लबाड नाहीसच वहिनी. मनातलं नकळत बोटात उतरतं, शहाण्यासुरत्या माणसाचंही. डोळे मिटून बघ एकदा."

तिनं सईचा हात धरला, डोळे गच्च मिटले. बोट फिरलं. डोळे उघडले तेव्हा तांदळात नुसत्या रेघोट्या होत्या.

वहिनीनं त्या रेघोट्यांवरून स्वतःचं बोट फिरवलं. "म्हंजी माजी लेक माज्याशी कंदी बोललीच न्हाई?"

"त्या ताटात नाही."

"मग 'दमलीस का' कोन म्हनलं?"

उत्तर तिचं तिलाच कळलं आणि ती हुंदके देऊन रडली. त्या आवाजानं सई कान झाकून कोपऱ्यात गेली, म्हणून वहिनीनं पदर तोंडात कोंबला. माझ्या आयुष्यात सत्य सांगून इतकं अपराधी मला कधी वाटलं नव्हतं. तरी ते सांगायला हवं होतं.

चार दिवसांनी आम्ही तळेगावला गेलो, दादासुद्धा. डॉक्टरीणबाईंनी सईला त्यांच्या खोलीत हवं तिथं बसू दिलं आणि वहिनीला विचारलं, "काही हवं असलं की ती कसं सांगते?"

"ती सांगतच न्हाई वो काई," वहिनी म्हणाली. मग थांबली. "तहान लागली तर माजं बोट धरून माठाकडं नेती. झोप आली की माजी येनी वढती. पाव्हनं आलं, लय गलका झाला की माज्या चपला आणून माज्या पायाशी ठिवती. म्हंजी चल, जाऊ हितनं..."

डॉक्टरीणबाईंचं लिहिणं थांबलं होतं. दादा बायकोकडं बघत होता.

"आगं बाई," वहिनी हळूच म्हणाली. "बोलती की वो ही. मीच ताटात बघत बसले व्हते."

तपासण्या व्हायच्यात. स्वमग्नता निघेल, कदाचित आणखी काही. गोळीनं जाणारं हे नाही, शाळेशी अजून भांडायचंय आणि पुढची वाट लांबची आहे. हवं ते दाखवायला चित्रांची कार्डं मात्र मिळालीत. सई त्यातलं पाण्याचं चित्र उचलते, तेव्हा तिचा हात कुणीही धरलेला नसतो.

त्र्यंबकबाबा आता दुसऱ्या गावात बसतो, असं कानावर आलंय. ताट तेच असणार, पोर दुसरं. त्या पोराच्या घरचं कुणी हे वाचत असेल तर हात जोडून सांगते, देवाला मानता ना, खुशाल माना. पण उद्या त्या अंगणात उभे राहा आणि बाबाला म्हणा, पोराचा हात सोड. बाबा रागावेल, घरचे रागावतील, तुमचंही काळीज तुटेल. तरी म्हणा. त्या पोराला स्वतःला ते म्हणता येत नाही.